नखाएवढी शहाबादी

छोट्या मॉडेलसाठी आगगाड्या मिळतात, घरं मिळतात, माणसं आणि झाडंही मिळतात. गाडी अडते ती जमिनीपाशी. जर्मनीतल्या फालर, नोख यांसारख्या कंपन्या फरसबंदीचे ठसे उमटवलेले तक्ते विकतात. त्यांवरचे रस्ते युरोपातल्या जुन्या शहरांचे असतात : ग्रॅनाइटचे चौकोनी ठोकळे, कमानीकमानींनी मांडलेले. दिसायला ते देखणे. पण आडत दुकान, ओट्यावर पोत्यांची थप्पी आणि समोर बैलगाडी असं दृश्य त्यांवर मांडलं, की सगळंच परकं वाटू लागतं. आपल्या गावाला शहाबादी फरशी हवी, आणि ती नखाच्या मापाची कुठल्याही पाकिटात मिळत नाही. ती शोधावी लागते किंवा करावी लागते. या शोधाची ओळख करून घ्यायला दुधनीइतकं सोयीचं गाव दुसरं नाही.

दुधनी हे अक्कलकोट तालुक्यातलं, कर्नाटकाच्या सीमेला टेकलेलं, मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणारं गाव. तुरीच्या बाजारामुळे व्यापाऱ्यांना माहीत असलेलं. सोलापूर ते वाडी या लोहमार्गावर त्याचं स्थानक आहे. जीआयपी या जुन्या रेल्वे कंपनीचा हा मार्ग १८७१ मध्ये रायचूरला पोचला आणि मद्रासकडून आलेल्या रुळांना जोडला गेला. दुधनीहून पूर्वेला निघालं की गाणगापूर रोड, कलबुर्गी आणि मग शहाबाद लागतं. ज्या फरशीवर महाराष्ट्रातल्या कित्येक घरांची स्वयंपाकघरं, न्हाण्या आणि ओटे उभे राहिले, तिला नाव देणारं गाव ते हेच.

या मार्गावर पायाखालचा दगडही बदलतो. सोलापूरकडचा काळा पाषाण म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा, बेसाल्ट. तो फोडला तर वेडावाकडा फुटतो; त्याला छिन्नी-हातोडीनं घडवावं लागतं. शहाबादचा चुनखडक त्याहून कितीतरी जुना. तो भीमा खोऱ्यात गाळाच्या थरांनी बनला, म्हणून पहार घातली की थराथरानं सुटतो. काळ्या पाषाणाची खडी आणि भिंत झाली, शहाबादीची फरशी झाली, त्याचं कारण हेच. मॉडेल करणाऱ्यानं हे दोन स्वभाव ध्यानात ठेवले की निम्मं काम झालं. काळा पाषाण छोटा करायचा तो दाण्यातून, शहाबादी छोटी करायची ती पातळ तक्त्यातून.

आधी माप

जगभर सर्वांत जास्त चालणारं मॉडेल रेल्वेचं प्रमाण एचओ, म्हणजे १:८७. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेलं आणि १९९८ मध्ये खुलं झालेलं लघुरेल्वे संग्रहालय याच प्रमाणातलं आहे. जर्मनीत हॅम्बुर्गचं मिनियाटूर वुंडरलांडही त्याच प्रमाणातलं. लष्करी देखावे करणारे १:३५ किंवा १:७२ वापरतात, बाहुलीघरं १:१२ ची असतात, वास्तुशास्त्राचे विद्यार्थी १:१०० किंवा १:२०० मध्ये काम करतात.

दोन फुटी शहाबादी घ्या. एचओमध्ये ती बरोबर ७ मिलिमीटरची होते. १:३५ मध्ये साडेसतरा, बाहुलीघरात सुमारे ५१ मिलिमीटरची. खरी गंमत जाडीत आहे. एक इंची फरशी एचओमध्ये ०.३ मिलिमीटर जाड भरते, म्हणजे बऱ्यापैकी लग्नपत्रिकेच्या कागदाएवढी. दोन फरश्यांमधली अर्ध्या इंचाची दर्ज ०.१५ मिलिमीटरचीही उरत नाही. इतकी फट हातानं कापून ठेवताच येत नाही. ती टोकदार सुईच्या रेघेनंच दाखवायची. नवखे लोक सात मिलिमीटरचे शेकडो चौकोन कापून एकेक चिकटवत बसतात. त्यांची दर्ज खऱ्या हिशेबात चार-पाच इंचांची होते आणि फरशीऐवजी वाफे आखल्यासारखे दिसतात.

आपल्या गाड्यांच्या बाबतीत मापाची आणखी एक अडचण आहे. भारतीय ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचं. ८७ नं भागलं तर १९.३ मिलिमीटर येतात. पण बाजारातला एचओ रूळ १६.५ मिलिमीटरचा असतो, कारण तो युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिलिमीटर गेजवरून काढलेला आहे. त्यामुळे दुधनीच्या स्थानकाचं मॉडेल विकतच्या रुळांवर केलं तर मार्ग जवळजवळ तीन मिलिमीटर अरुंद पडतो. हे बदलता येत नसेल तर स्वीकारावं. पण फलाटाची कड आणि फाटकातली फरसबंदी आखताना कुठल्या मापानं आखतोय ते ठरवून घ्यावं.

फलाट आणि खडी

रुळाखालची खडी हा दाण्याचा पहिला धडा. भारतीय रेल्वेची खडी ६५ ते २० मिलिमीटरच्या दरम्यानची असते. एचओमध्ये तिचा दाणा पाऊण मिलिमीटर ते पाव मिलिमीटर. स्थापत्य अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळेत ६०० आणि ३०० मायक्रॉनच्या चाळण्या असतात. त्यांतल्या पहिलीतून गळणारा आणि दुसरीवर राहणारा माल म्हणजे जवळपास नेमकी एचओ खडी. ज्यांच्याकडे या चाळण्या नाहीत, त्यांना रव्याची आणि मैद्याची चाळणी पुष्कळ पुरते. माल कुठला? खडी क्रशरवरची कच. तोच काळा पाषाण, तोच निळसर-काळा रंग. चाळायची, धुवायची, वाळवायची.

इथं एक खबरदारी घ्यावीच लागते. दख्खनच्या बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइटचे कण असतात. मॉडेल इंजिनाच्या मोटारीत चुंबक असतो. तो हे कण ओढून घेतो आणि इंजिन अडतं. म्हणून कच कागदावर पसरून तिच्यावरून पिशवीत गुंडाळलेला चुंबक दोन-तीनदा फिरवायचा. जे चिकटेल ते वेगळं काढायचं. गाड्या चालवायच्या नसतील, नुसता देखावा असेल, तर ही पायरी सोडली तरी चालते.

खडी बसवायला पांढरा गोंद तितक्याच पाण्यात पातळ करतात आणि त्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाकतात. साबण नसेल तर पाण्याचा ताण मोडत नाही. थेंब गोळा होऊन दाण्यांवरून घरंगळतो आणि खडी उधळतो. ड्रॉपरनं कडेनं सोडलं की मिश्रण आपणहून आत झिरपतं.

फलाटाची उंची रुळापासून ७६० ते ८४० मिलिमीटर, म्हणजे एचओमध्ये नऊ मिलिमीटरच्या आसपास. पाच मिलिमीटर सनबोर्डचे दोन थर, वरचा थोडा घासून, की उंची साधते. त्यावर फरशीचा तक्ता.

तक्ता कशाचा?

शहाबादीसाठी चार साहित्यं आजमावण्यासारखी आहेत, आणि प्रत्येकाची जागा वेगळी आहे.

पहिलं, पुठ्ठा किंवा जाड कार्ड. जाडी मापात येते, रेघ स्वच्छ उमटते. संपलेल्या बॉलपेनच्या टोकानं सात मिलिमीटरवर रेघा दाबायच्या. रंगवण्याआधी दोन्ही बाजूंनी वॉर्निशचा हात दिला नाही, तर पाण्याच्या रंगानं कार्ड फुगतं आणि वाकतं. फलाट आणि दुकानांचे ओटे यांना हे उत्तम.

दुसरं, प्लास्टर ऑफ पॅरिस. काचेवर पातळ थर ओतायचा, पूर्ण वाळण्याआधी सुईनं दर्जा ओढायच्या. दगडाचा खरखरीतपणा यात आपोआप येतो. मात्र पाऊण-एक मिलिमीटरपेक्षा पातळ थर तुटतो, म्हणून एचओपेक्षा १:३५ मध्ये तो खुलतो.

तिसरं, अंड्याचं कवच. कोंबडीच्या अंड्याचं कवच साधारण ०.३ ते ०.४ मिलिमीटर जाड असतं आणि त्याचा मुख्य घटक कॅल्शियम कार्बोनेट. शहाबादीचाही तोच. जाडी जुळते, द्रव्य जुळतं. जुळत नाही तो आकार. कवच गोलसर असल्यामुळे सात मिलिमीटरचा सपाट चौकोन त्यातून निघत नाही, दाबला की चिरतो. पण तुकड्यांची फरशी, म्हणजे फुटक्या शहाबादीचे वेडेवाकडे तुकडे जोडून केलेलं अंगण दाखवायचं असेल, तर कवचासारखं दुसरं काही नाही. भिजवून आतली पातळ साल काढायची, वाळवायचं, गोंदावर ठेवून बोटानं दाबायचं. फुटतं तसं फुटू द्यायचं.

चौथं, खुद्द शहाबादी. तिचा थर कितीही पातळ सोडवला तरी ०.३ मिलिमीटरपर्यंत जात नाही. बाहुलीघराच्या मापात मात्र दोन मिलिमीटरची चिप चालते, आणि ती खरीच असल्यामुळे तिला रंगवावं लागत नाही. छोट्या प्रमाणात दगडाचा उपयोग होतो तो भुकटीचा. फरशी कापणाऱ्या पाण्याच्या यंत्राखाली राखाडी गाळ साचतो. तो वाळवून, वस्त्रगाळ करून गोंदात कालवला की फरशीचा रंग हाती येतो. भुकटी मूळ दगडापेक्षा फिकट दिसते आणि गोंदानं थोडी गडद होते. छोट्या मापात रंग तसाही जरा फिकट ठेवावा लागतो, कारण दूरची वस्तू डोळ्याला फिकट दिसते आणि मॉडेलकडे आपण दुरून पाहत असल्यासारखंच पाहायचं असतं. कोरडी भुकटी हाताळताना नाकाला फडकं बांधावं.

बाजार, रस्ता, अंगण

स्थानकातून बाहेर पडलं की डांबरी रस्ता. त्यासाठी लोखंड घासायचा काळा पॉलिश पेपर लोक वापरतात, पण नंबर न पाहता. १२० नंबरच्या पेपरचा दाणा सुमारे १२५ मायक्रॉनचा. एचओमध्ये तो ११ मिलिमीटरची बारीक खडी वर आलेला नवा रस्ता दाखवतो. ४०० नंबरचा दाणा ३५ मायक्रॉनचा, म्हणजे तीन मिलिमीटर : घासून गुळगुळीत झालेला जुना रस्ता. बाजूपट्टीला चाळलेला तांबूस मुरूम.

बाजार आवारातली मोकळी जागा सपाट करू नये. पाणी निघून जावं म्हणून खऱ्या आवाराला शंभराला एक असा ढाळ असतो. दहा मीटरचं अंगण एचओमध्ये साडेअकरा सेंटिमीटर. म्हणजे एका कडेखाली एक मिलिमीटरचा पुठ्ठा सरकवायचा. एवढ्यानंच मॉडेल जमिनीवर बसल्यासारखं दिसतं. चाकांच्या वाटेवरच्या काही फरश्या मधोमध चिरलेल्या, एखादी खचलेली दाखवावी. सांधे सगळे एका रेषेत आहेत की सांधमोड केली आहे, हे आपल्या गावात पाहून ठरवावं.

सिमेंटचे नवे पेव्हर ब्लॉक हे मात्र हाताचं काम नव्हे. २०० बाय १०० मिलिमीटरचा ब्लॉक एचओमध्ये २.३ बाय १.१५ मिलिमीटरचा होतो. वास्तुशास्त्राचे विद्यार्थी यासाठी लेझर कटिंगवाल्याकडे एमडीएफ किंवा कार्ड घेऊन जातात, आणि ते योग्यच आहे.

राहिलं घरापुढचं अंगण. इथं आपल्याकडे जुनी विद्या आहे : दिवाळीतला किल्ला. विटेच्या भुकटीची वाट, मातीत कालवलेलं गोणपाट, कोळशाच्या भुकटीचा रस्ता, रांगोळीचे पट्टे, आळीव-मोहरीची हिरवळ. मुलं हे सगळं कुठलंही पुस्तक न वाचता करतात आणि दाण्याचं प्रमाण बहुतेकदा बरोबर पकडतात. खसखशीचा दाणा साधारण एक मिलिमीटरचा. एचओमध्ये तो साडेआठ-नऊ सेंटिमीटरचा गोटा होतो. मोहरीचा गोटा त्याच्या दीडपट-दुप्पट. नदीकाठ किंवा गोट्यांची वाट यासाठी दोन्ही मापात बसतात.

फरक आयुष्याचा आहे. किल्ला दिवाळीपुरता असतो, मॉडेलचा देखावा वर्षानुवर्षं राहायचा असतो. धान्य, रवा, भुसा यांना कीड लागते, पावसाळ्यात बुरशी येते. टिकाऊ मॉडेलमध्ये खाण्याची वस्तू घालू नये. तोच दाणा वाळूतून किंवा कचेतून चाळून काढावा. रांगोळी दगडाची असल्यामुळे ती टिकते आणि दर्जा भरायलाही चालते. वरून काळ्या रंगाचं अगदी पातळ पाणी सोडून पुसून घेतलं की दर्जा उठून दिसतात.

खर्चाचा हिशेब मांडला तर परदेशी तक्त्याच्या किमतीत कार्ड, गोंद, पॉलिश पेपर आणि रंग येऊन पैसे उरतात. कच आणि फरशीचा गाळ बहुधा मागून मिळतो. विकत न मिळणारी गोष्ट एकच, मापं. जुन्या शहाबादीच्या जागी सिमेंटचे ब्लॉक आणि चकचकीत टाइल्स झपाट्यानं येत आहेत, आणि उद्या कुणाला आपल्या पेठेचं, फलाटाचं किंवा वाड्याचं मॉडेल करायचं झालं तर फरशी केवढी होती हे सांगणारा कागद नसेल. म्हणून मॉडेल करणार असाल किंवा नसाल, टेप घेऊन आपल्या दारातली फरशी मोजा : लांबी, रुंदी, जाडी, दर्ज आणि सांध्यांची मांडणी. शेजारी पट्टी ठेवून एक छायाचित्र काढा, तारीख घाला आणि जपून ठेवा.