कागद आहे, कारण नाही

अमेरिकेच्या अण्वस्त्रांत ‘फॉगबँक’ नावाचा एक गोपनीय पदार्थ वापरला जातो. डब्ल्यू-७६ या अस्त्राचे आयुष्य वाढवायचे ठरले तेव्हा तो नव्याने बनवण्याची वेळ आली. पण १९८०च्या दशकातल्या नोंदी त्रोटक होत्या आणि जाणकार माणसे निवृत्त झाली होती किंवा नोकरी सोडून गेली होती. तिथल्या सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाने २००९च्या अहवालात हे नमूद केले आहे. पुढे उलगडा झाला तो आणखी विलक्षण होता. जुन्या प्रक्रियेत एक अशुद्धता राहून जात असे आणि पदार्थाचा गुण तिच्यावरच अवलंबून होता. नव्या कारखान्यात शुद्धीकरण सुधारले आणि नेमका त्यामुळेच माल बिघडू लागला. अशुद्धतेचे हे महत्त्व जुन्या कारागिरांनाही माहीत नव्हते.

संस्थांना माहितीची वाण क्वचितच पडते. वाण पडते ती संदर्भाची. हा आकडा कोणत्या एककातला, हा ठराव कोणत्या अडचणीतून निघाला, कोणते पर्याय विचारात घेऊन नाकारले, हे सांगणारा मजकूर सहसा कुठेच नसतो. २३ सप्टेंबर १९९९ रोजी नासाचे ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान मंगळाजवळ नष्ट झाले. एका संगणकप्रणालीने थ्रस्टरच्या रेट्याचे आकडे पाउंड-सेकंदांत दिले आणि दुसरीने ते न्यूटन-सेकंद समजून वापरले. आकडे हजर होते, त्यांचे एकक मात्र वाटेत हरवले.

या प्रश्नाचा अभ्यास गेली काही दशके दोन वाटांनी चालला आहे. पहिली वाट माणसांच्या बोलण्यातून जाते. आपल्याला सांगता येते त्याहून अधिक कळत असते, हे मायकेल पोलानी यांनी १९६६ मध्ये मांडले. इकुजिरो नोनाका आणि हिरोताका ताकेउची यांनी १९९५च्या ग्रंथात तोच धागा जपानी कंपन्यांपर्यंत नेला. ज्युलियन ऑर यांनी झेरॉक्सच्या दुरुस्ती करणाऱ्या तंत्रज्ञांबरोबर राहून पाहिले, तेव्हा माहितीपुस्तिकेत न सापडणारे दोष ही मंडळी एकमेकांना किस्से सांगत शोधून काढताना दिसली. यंत्र कुठे बसवले आहे, कोण वापरते, मागच्या वेळी काय बिघडले होते, हे सगळे त्या किश्शांत येई. पुढे झेरॉक्सने ‘युरेका’ ही प्रणाली उभारली. तंत्रज्ञ आपली युक्ती लिहितो, सहकारी ती तपासतात आणि लिहिणाऱ्याच्या नावासकट ती सर्वांना मिळते. युक्ती कोणाची आणि ती कोणी पारखली, हे दिसत असल्यामुळेच वाचणारा तिच्यावर विश्वास ठेवतो.

१९८१ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या इन्फोसिसला याची दुसरी बाजू अनुभवावी लागली. ज्ञानसंग्रहात भर घालणाऱ्या कर्मचाऱ्यांना कंपनीने गुण देऊ केले. ते गुण साठवून मोबदला घेता येई. नोंदींचा पूर आला, पण कामाची नोंद कोणती हे ओळखणे अवघड झाले आणि योजना बदलावी लागली. साठा वाढला म्हणून समज वाढतेच असे नाही.

दुसरी वाट यंत्रांची. केंब्रिजच्या ऑलिव्हेटी प्रयोगशाळेत १९९०च्या सुमारास कर्मचाऱ्यांच्या छातीवर अवरक्त किरणांचे बिल्ले आले. कोण कोणत्या खोलीत आहे ते समजे आणि फोन त्या खोलीत वळवता येई. जागा, वेळ आणि सोबतची माणसे ओळखून वागणाऱ्या संगणकांचे संशोधन तिथून फोफावले. पण त्याच काळात ख्रिश्चन हीथ आणि पॉल लफ लंडनच्या भुयारी रेल्वेच्या नियंत्रणकक्षात काही वेगळेच पाहत होते. नियंत्रक फोनवर बोलत असताना शेजारचा सहकारी ते कानावर घेई आणि कोणी न सांगता प्रवाशांसाठी घोषणा सुरू करी. कोणतीही यंत्रणा न बसवता संदर्भ पोचत होता, कारण काम एकमेकांच्या नजरेसमोर चालले होते. घरून काम करणाऱ्या आजच्या चमूंनी नेमके हेच गमावले आहे. त्यावर उपाय म्हणून माणसांवर पाळत ठेवली, तर मोकळेपणाने बोलणे थांबते आणि उरलासुरला संदर्भही जातो.

आपल्याकडची सरकारी नस्ती या बाबतीत अनेक आधुनिक प्रणालींपेक्षा शहाणी आहे. तिच्यात पत्रव्यवहार वेगळा आणि टिपणी वेगळी. लिपिकापासून सचिवापर्यंत कोणी काय अभिप्राय दिला, कोणी हरकत घेतली, कधी सही केली, हे टिपणीत क्रमाने सापडते. २००५च्या माहिती अधिकार कायद्यानंतर नागरिकांना या टिपण्या द्यायच्या की नाहीत यावर मोठा वाद झाला, तो उगाच नव्हे. आदेश कोणालाही मिळतो, त्यामागचे कारण टिपणीत असते. अर्थात ‘मान्यतेस्तव सादर’ एवढेच लिहून नस्ती पुढे सरकवली, तर टिपणीही मुकी होते.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने कार्यालयाचे सारे दप्तर चाळून क्षणात उत्तर देतात. पण जे लिहिलेच नाही ते त्यांना सापडणार कसे? रद्द झालेल्या परिपत्रकावर तसा शेरा नसेल, तर त्यांच्या लेखी ते चालू परिपत्रकाइतकेच खरे. साधन जितके वेगवान, तितका निसटलेला संदर्भ महाग पडतो.

म्हणून नवी प्रणाली विकत घेण्याआधी एक स्वस्त काम करून पाहा. आपली कंपनी असो, सहकारी पतपेढी असो की गृहनिर्माण संस्था, पुढच्या बैठकीच्या इतिवृत्तात ठरावाखाली तीन ओळी जास्त लिहा: हे का ठरवले, कोणता पर्याय नाकारला आणि काय बदलले तर फेरविचार करायचा. आपल्यानंतर येणाऱ्या चिटणिसाला त्या तीन ओळी जाडजूड अहवालाहून अधिक उपयोगी पडतील.