सहेरी, पाव आणि गोव्याची शिरगणती

आमच्या पिंपळगाव राजातला एक पोरगा मडगावला बेकरीत कामाला आहे. मला चाचा म्हणतो. रमजान लागला की त्याचा फोन हमखास सहेरीच्या वेळी येतो, कारण त्या वेळी तो जागाच असतो. रात्री दोनला पीठ मळायचे, भट्टी तापवायची, मध्येच दोन घास खाऊन रोज्याची नियत करायची आणि उजाडायच्या आत पावाची पाटी सायकलवर लादून निघायचे. सायकलचा पोंगा वाजला की घराघरातून बायाबापडे टोपली घेऊन बाहेर येतात. गोव्यात पाववाल्याला 'पोदेर' म्हणतात. हा शब्द पोर्तुगीज, आणि आपण इफ्तारीला खिम्याबरोबर खातो त्या 'पाव'चे नावही पोर्तुगीजच.

यंदा या पोराने एक गंमत सांगितली. पहिला रोजा २ मार्चला झाला. गोव्यात तेव्हा कार्निव्हालची धामधूम चालली होती. ती ४ तारखेला संपली आणि ५ मार्चला राखेचा बुधवार आला. त्या दिवशी कॅथलिक लोक चर्चमध्ये जाऊन कपाळावर राखेचा क्रूस काढून घेतात आणि ईस्टरपर्यंतचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू होतो. कोणी मांस सोडतो, कोणी दारू. तो ज्या घरात भाड्याने राहतो तिथली म्हातारी आंटी त्याला रोज विचारते, "आज तुजो कितवो?" हा रोज्याचा आकडा सांगतो, मग ती आपल्या दिवसांचा आकडा सांगते. तिचे दोन्ही मुलगे इंग्लंडमध्ये आहेत. घरात सहा खोल्या, माणूस एकटी.

हे मी परवा स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर सांगत होतो (रोजा होता, मी नुसताच बसलो होतो), तर एक मित्र म्हणाला, "कावून भाऊ, गोवा तं पुरा ख्रिश्चन हाय ना?" दुसऱ्याने लगेच मोबाइल काढला. त्यावर नेमके उलटे आले होते: गोव्यातले ख्रिस्ती संपत चालले, मुसलमान वाढत चालले, सावध व्हा. एकाच बाकावरच्या दोन माणसांच्या मनात दोन गोवे होते, आणि दोन्ही चुकीचे. म्हणून हा लेख.

आधी आकडे. २०११च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४ लाख ५८ हजार होती. त्यात हिंदू ६६ टक्के, ख्रिस्ती २५ टक्के आणि मुस्लिम ८ टक्क्यांच्या थोडे वर. म्हणजे चारात एक ख्रिस्ती. पोर्तुगीज गेले तेव्हा, १९६१च्या सुमारास, हेच प्रमाण तीनात एकाहून थोडे जास्त होते. आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला गोव्यात ख्रिस्ती बहुसंख्य होते. दीडशे वर्षांत एवढा बदल झाला.

पण 'संपत चालले' म्हणणाऱ्याने एक गोष्ट पाहिली नाही. २००१मध्ये गोव्यात ३ लाख ५९ हजार ख्रिस्ती होते, २०११मध्ये ३ लाख ६६ हजार. माणसे कमी झाली नाहीत, वाटा कमी झाला. ताटातली भाकर तेवढीच आहे, पंगत मोठी झाली. २०२१ची जनगणना झालीच नाही, तेव्हा पुढचे आकडे छातीठोकपणे सांगणाऱ्याला ते कुठून आणले एवढे जरूर विचारा.

हा वाटा कमी का झाला? धर्मांतराने नव्हे, मुख्यतः रेल्वे, बोट आणि विमानाने. गोव्याचा ख्रिस्ती माणूस शंभर-दीडशे वर्षे घर सोडतो आहे. आधी मुंबई. धोबीतलाव भागात गावागावांच्या नावाने 'कूड' होते. गावाहून आलेल्या माणसाने तिथे पेटी ठेवायची, नोकरी शोधायची. मग जहाजावरची खलाशीगिरी, आफ्रिका, कराची, आखाती देश. १९६१पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना व त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगालचे नागरिकत्व नोंदवता येते. तो पासपोर्ट हाती आला की, ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडेपर्यंत, थेट इंग्लंड गाठता येत होते. इंग्लंडातल्या स्विंडन शहरात तर गोवेकरांची वस्तीच झाली आहे. आंटीची मुले अशीच गेली. शिवाय गोव्यात मुले मुळातच कमी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत तिथला जननदर बाईमागे १.३ आला, देशातल्या सगळ्यात कमी दरांपैकी एक.

आणि रिकाम्या झालेल्या जागी कामाला कोण आले? कर्नाटकातून, महाराष्ट्रातून, उत्तरेतून आलेली माणसे. त्यात हिंदू जास्त, मुसलमानही. गोव्यात मुस्लिमांची संख्या २००१ ते २०११ या दहा वर्षांत ९२ हजारांवरून १ लाख २१ हजारांवर गेली, हे खरे आहे आणि ते लपवायचे कारण नाही. त्यातला एक आमचा हा पोरगा. पोदेराचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या सासष्टीतल्या कॅथलिक घरांचा. त्यांची मुले शिकली, परदेशी गेली. रात्री दोनला उठायला घरात कोणी उरले नाही. बेकऱ्या भाड्याने गेल्या आणि भट्टीपुढे परप्रांतीय पोरे उभी राहिली. त्यांत मुसलमान पुष्कळ. मोबाइलवरच्या निरोपात ज्याला 'आक्रमण' म्हटले आहे, ते प्रत्यक्षात हे असे दिसते: पहाटे चारला घामाने भिजलेला एक उपाशी पोरगा कॅथलिक आळीत पाव वाटतो आहे.

आता मागे जाऊ. जुन्या गोष्टी सोयीच्या तेवढ्याच आठवायच्या ही सवय सगळ्यांनाच असते, आम्हा मुसलमानांनाही. गोवा शहर आदिलशाहीचे होते. २५ नोव्हेंबर १५१० रोजी अफोन्सो द आल्बुकेर्कने ते दुसऱ्यांदा जिंकले आणि नंतरच्या दिवसांत शहरातल्या मुसलमानांची कत्तल झाली. मग पाळी हिंदूंची आली. १५४०पासून तिसवाडीतली, पुढे बार्देस आणि सासष्टीतली देवळे पाडली गेली. १५६०मध्ये इन्क्विझिशन म्हणजे धर्मन्यायालय आले. मधली चार वर्षे सोडली तर ते १८१२पर्यंत टिकले. त्याचा जाच बाटलेल्या नव्या ख्रिस्त्यांनाच अधिक झाला. धर्म बदलला तरी दारात तुळस ठेवली, लग्नात जुनी गाणी म्हटली, की चौकशी.

त्या धामधुमीत लोकांनी देव उचलले आणि नदीपलीकडे नेले. कुशस्थळीचा, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीचा मंगेश १५६०मध्ये झुआरी ओलांडून प्रियोळला गेला. केळोशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली. आज आपल्याकडचे पर्यटक बसने मंगेशीला जातात ते हेच देऊळ. पण देव गेले तो फोंड्याचा मुलूख तेव्हा कोणाचा होता? विजापूरच्या आदिलशहाचा. फोंड्यातली साफा मशीद बांधली गेल्याचे सालही १५६०च सांगतात. तिच्याशेजारी मोठा तलाव आहे, भोवती वजूसाठी कमानीदार कोनाडे. एकाच मुलखात एकाच साली मशीद उभी राहिली आणि पलीकडचे देवही आसऱ्याला आले. आदिलशहा फार दयाळू होता असे माझे म्हणणे नाही. राजकारण होते, पोर्तुगीजांशी वैर होते. पण झाले ते असे झाले.

म्हणजे 'कॅथलिक गोवा' हा खरे तर तीन तालुक्यांचा: तिसवाडी, बार्देस, सासष्टी. फोंडा, पेडणे, डिचोली, सत्तरी, काणकोण वगैरे भाग पोर्तुगिजांकडे आला तो अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. तोवर बाटवाबाटवीचा जोर ओसरला होता, म्हणून तिथे देवळे राहिली. १९१०मध्ये पोर्तुगालात राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आले आणि हिंदूंना बरोबरीचे हक्क मिळाले. नकाशा समोर ठेवला की टक्केवारीचे अर्धे कोडे तिथेच सुटते.

ज्यांनी धर्म बदलला त्यांचे सगळेच बदलले का? मला यातले सगळ्यात आवडते उदाहरण आपल्या मराठीचे आहे. थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट पाद्री १५७९मध्ये गोव्यात आला. सासष्टीतले नवे ख्रिस्ती चर्चला येत, पण त्यांना पुराण ऐकायची सवय होती आणि ते आता मिळत नव्हते. मग या पाद्रीबाबाने मराठी ओवीत, दहा हजारांहून अधिक ओव्यांचे 'क्रिस्तपुराण' लिहिले. १६१६मध्ये ते राशोलला छापले गेले. देव बदलला, ओवी राहिली. आमच्याकडे जात्यावर ओव्या म्हणणाऱ्या मुसलमान बाया माझ्या लहानपणी होत्या, त्यामुळे मला याचे नवल वाटत नाही. तुम्हालाही वाटू नये.

राहिली आणखी एक गोष्ट, ती मात्र न राहती तर बरे झाले असते: जात. गोव्याच्या कॅथलिकांत बामण, चारडो, सुदिर असे भेद टिकले, चर्चच्या फेस्ताचा मान कोणाचा यावरून भांडणे झाली. आमच्यात बिरादरीच्या बाहेर सोयरीक करताना काय होते ते आम्ही जाणतोच, तेव्हा हसायला जागा नाही.

उलटी वाटही झाली. १९२८मध्ये मसूरकर महाराजांनी गोव्यात शुद्धीची चळवळ केली आणि हजारो ख्रिस्ती गावडे हिंदू झाले. त्यांना 'नवहिंदू गावडे' म्हणतात. बहुतेक गरीब, मजुरी करणारे. ख्रिस्ती शेजारी रागावले, आणि हिंदूंनीही पंगतीत सहज बसवले नाही. आजही गावड्यांत हिंदू, नवहिंदू आणि ख्रिस्ती अशी तीन घरे आहेत. नाच, लुगडे नेसायची रीत, बोली सारखी. २००३मध्ये गावडा, कुणबी आणि वेळीप यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. त्याला धर्माची अट नसते, म्हणून तिन्ही घरे कागदावर पुन्हा एका ओळीत आली. अनुसूचित जातीचे तसे नाही. तिथे धर्माची अट आहे, आणि १९५६ची दीक्षा घेतलेल्या बौद्धांना केंद्राच्या त्या यादीत यायला १९९० उजाडावे लागले. आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी घरांना हे वेगळे सांगायला नको. धर्म बदलणे म्हणजे काय आणि त्याची किंमत कोण मोजतो, हे वऱ्हाडाला गोव्याकडून शिकायची गरज नाही.

आता तिथे नवी हालचाल आहे. काही कॅथलिक चर्च सोडून प्रार्थना-मंडळांत जातात, त्यांना लोक 'बिलिव्हर' म्हणतात. घराघरांत यावरून अबोला होतो. आई मेरीमातेपुढे मेणबत्ती लावते, मुलगा म्हणतो हे चूक. हे वाक्य मी कुठेतरी ऐकले आहे असे वाटले. मग आठवले, सैलानीला जाणाऱ्या माझ्या एका नात्यातल्या खालाला तिचा मुलगा हेच सांगतो.

सैलानी बाबांची यात्रा नुकतीच झाली. होळीला तिथे नारळांची होळी पेटते, संदल निघतो, आणि हिंदू-मुसलमान मोजायला कोणी बसत नाही. गोव्यातही शिगम्याच्या दिवसांत असेच काहीसे घडते. सासष्टीतल्या कुंकळ्ळी गावाने १५८३मध्ये पोर्तुगिजांविरुद्ध उठाव केला, पाच जेझुइट मारले गेले, मग गावच्या प्रमुखांना बोलणीसाठी असोळणेच्या किल्ल्यात बोलावून मारले. गावची शांतादुर्गा फातर्प्याला गेली. आज गावात कॅथलिक पुष्कळ आहेत. पण शिगम्यात देवी आपल्या जुन्या गावी येते तेव्हा बारा वांगडांच्या, म्हणजे बारा घराण्यांच्या बारा छत्र्या निघतात आणि त्या मानात ख्रिस्ती घराणीही आहेत. म्हापशाची मिलाग्र सायबीण आणि शिरगावची लईराई या बहिणी आहेत असे दोन्हीकडचे लोक मानतात. सायबिणीच्या फेस्ताला हिंदू तेल घेऊन येतात.

सगळे गोड आहे असे मात्र नाही. मडगावच्या मुसलमानांना कबरस्तानाच्या जागेसाठी वर्षानुवर्षे ताटकळावे लागले. भाड्याने खोली मागताना आमच्या पोरालाही तीन घरांतून नकार आला होता. दोन ठिकाणी नाव ऐकून, एका ठिकाणी 'घाटी' म्हणून. चौथे घर आंटीचे.

कालच्या फोनवर त्याने वेगळाच प्रश्न विचारला. ईस्टर झाला की आंटी तीन महिन्यांसाठी मुलांकडे इंग्लंडला जाणार. अंगणात चुन्याने रंगवलेला छोटा क्रूस आहे. त्याच्या भोवतीची जागा झाडायची आणि रोज संध्याकाळी एक मेणबत्ती लावायची, एवढे करशील का, असे ती याला म्हणाली. "चाचा, चालते का?"

मी म्हणालो, झाडायला काय हरकत आहे, अंगण आहे. मेणबत्तीचे मात्र तुझ्या मशिदीतल्या मौलानांना विचार, मला त्यातले कळत नाही. तो जरा गप्प राहिला. मग म्हणाला, विचारले होते, त्यांनी नको सांगितले. आंटीला तसे सांगताना त्याची जीभ अडखळली. पण ती रागावली नाही. शेजारच्या हिंदू घरातल्या सुनेला तिने हाक मारली आणि मेणबत्त्यांचा पुडा तिच्या हाती दिला. खराटा याच्याकडे राहिला. ईदला, म्हणजे बहुधा ३१ तारखेला, शीरखुर्मा तेवढा दोन्ही घरी पोचव, असे मी त्याला बजावले आहे. आदल्या दिवशी पाडवा आहे, तेव्हा त्या सुनेकडून श्रीखंड येईलच, असे तो म्हणाला आणि पीठ फुगले म्हणून फोन ठेवला.