कोठीत धान्य, तरी मूल अशक्त का?

पिकाच्या वाढीत काही काळ असा असतो की, त्या वेळी झालेली हयगय पुढे कितीही खत-पाणी घातले तरी भरून निघत नाही. पेरणीनंतर पहिल्या महिना-दीड महिन्यात तण काढले नाही, तर रोप खुरटते आणि त्या खुरटलेल्या रोपाचे कणीसही लहानच राहते. ही गोष्ट शेतकऱ्याला कोणी शिकवावी लागत नाही. परंतु बालकाच्या वाढीलाही असाच एक निर्णायक काळ असतो, हे मात्र कित्येक घरांतून अद्याप ध्यानात घेतले जात नाही. हा काळ म्हणजे गर्भधारणेपासून मूल दोन वर्षांचे होईपर्यंतचे सुमारे 1,000 दिवस होत.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 मधील पाहणीनुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील शेकडा 35 मुलांची उंची वयाच्या मानाने कमी आढळली. ही सगळी मुले उपाशी घरांतील होती, असे मानणे बरोबर होणार नाही. कोठीत ज्वारी-बाजरी आहे, गोठ्यात दुभते जनावर आहे, आणि तरीही घरातील लहान मूल हडकुळे आहे, असे दृश्य खेड्यात दुर्मिळ नाही. याचे कारण धान्याच्या टंचाईपेक्षा ते धान्य मुलाच्या पोटात कसे, केव्हा आणि किती वेळा जाते, ह्यात शोधावे लागते.

वाढीचा वेग

जन्मतः 3 किलो वजनाचे निरोगी मूल पाचव्या महिन्याच्या सुमारास दुप्पट व वर्षअखेर सुमारे तिप्पट वजनाचे होते. उंची पहिल्या वर्षात सुमारे 50 सेंटिमीटरवरून 75 सेंटिमीटरपर्यंत जाते. मेंदूची वाढ तर याहूनही झपाट्याने होते. दोन वर्षांच्या मुलाच्या मेंदूचे आकारमान प्रौढ माणसाच्या मेंदूच्या जवळजवळ चार-पंचमांश असते. एवढ्या वेगाची वाढ आयुष्यात पुन्हा कधीही होत नाही. या काळात खुंटलेली उंची पुढे फारशी भरून येत नाही. शिवाय अशा मुलांना शिकणे जड जाते व मोठेपणी त्यांची श्रमशक्तीही कमी पडते. म्हणून बालसंगोपन हा केवळ बायकांच्या घरकामाचा भाग नसून संपूर्ण शेतकरी कुटुंबाच्या भवितव्याचा प्रश्न आहे.

पहिले सहा महिने

गाय व्याली की वासराला चीक पाजल्याशिवाय जाणता शेतकरी राहत नाही. चीक न मिळालेले वासरू दगावते, हा त्याचा पिढीजात अनुभव आहे. परंतु काही घरांत बाळंतिणीचा चीक मात्र अपायकारक समजून काढून टाकतात आणि बाळाला मध, गूळपाणी किंवा घुटी चाटवतात. ही रूढी सोडून दिली पाहिजे. आईच्या चिकात रोगप्रतिकारक द्रव्ये भरपूर असतात. जन्मानंतर तासाभराच्या आत बाळाला अंगावर घ्यावे व सहा महिने पूर्ण होईपर्यंत आईच्या दुधाखेरीज काहीही देऊ नये. उन्हाळ्यातसुद्धा वेगळे पाणी देण्याची गरज नसते. मध तर एक वर्षापर्यंत मुळीच देऊ नये, कारण त्यातून लहान बालकास घातक विषबाधा होण्याचा संभव असतो.

सहा महिन्यांनंतरची खिंड

सहा महिन्यांनंतर आईचे दूध चालूच ठेवावयाचे असते, परंतु ते एकटे पुरत नाही. वरच्या अन्नातून मुलाला सहा ते आठ महिन्यांच्या वयात दररोज सुमारे 200, नऊ ते अकरा महिन्यांत 300 आणि एक ते दोन वर्षांच्या काळात 550 उष्मांक मिळावे लागतात. पुष्कळशी मुले येथेच मागे पडतात. त्याचा हिशेब समजून घेण्यासारखा आहे.

लहान मुलाचे जठर फार छोटे असते. आठ किलो वजनाच्या मुलाच्या पोटात एका वेळी जेमतेम पाव लिटर अन्न मावते. पाव लिटर पाण्यात चमचाभर, म्हणजे 10 ग्रॅम, पीठ घालून केलेल्या पातळ पेजेत केवळ 35 उष्मांक असतात. अशा पेजेवर दहा महिन्यांच्या मुलाची दिवसाची गरज भागवावयाची, तर त्याला आठ-नऊ वाट्या पाजाव्या लागतील आणि ते अशक्य आहे. मुलाचे पोट भरलेले दिसते, ते रडतही नाही. परंतु शरीराला मिळते ते बहुतांशी पाणीच. याउलट तेवढ्याच पेजेत 40 ग्रॅम पीठ आणि एक लहान चमचा तेल किंवा तूप घातले, तर तिच्यातून सुमारे 185 उष्मांक मिळतात. तशी अर्धी अर्धी वाटी दिवसातून तीन-चार वेळा दिली की काम भागते. चमच्यातून न ओघळणारे, दाटसर अन्न द्यावे हा नियम म्हणून लक्षात ठेवावा.

सहाव्या महिन्यानंतर दोन-तीन मोठ्या चमच्यांनी सुरुवात करून प्रमाण हळूहळू वाढवावे. प्रथम दिवसातून दोन-तीन वेळा, नऊ महिन्यांनंतर तीन-चार वेळा, व त्याशिवाय मधल्या वेळी केळे, उकडलेला बटाटा किंवा मऊ भाकरीचा तुकडा द्यावा. वर्षाचे झालेले मूल घरातील सर्व अन्न मऊ करून खाऊ शकते.

शेतातील मिश्रपीक, ताटातील मिश्र आहार

ज्वारीत तूर, बाजरीत मटकी हे मिश्रपीक शेतकरी पूर्वापार घेत आला आहे. मुलाच्या पेजेसाठीही तोच न्याय लावावा. तृणधान्यातील प्रथिनात जो घटक कमी असतो, तो डाळीत भरपूर असतो. आणि डाळीत जो कमी, तो तृणधान्यात मिळतो. यास्तव दोन भाग धान्य व एक भाग डाळ भाजून, दळून ठेवलेले पीठ नुसत्या धान्याच्या पिठाहून अधिक सकस ठरते. नाचणी ही या दृष्टीने फार मोलाची आहे. तिच्या 100 ग्रॅम दाण्यात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास चुना असतो, आणि हाडांच्या वाढीस तो आवश्यक आहे. परसातील शेवग्याची पाने, लाल भोपळा, पपई आणि कोंबडीचे अंडे यांची त्यात भर घालावी. अंडे सहा महिन्यांनंतर चालते. घरचे दूध डेअरीला घालताना वर्षावरील मुलाचा पेलाभर वाटा आधी बाजूला काढून ठेवावा.

दाट पेज मुलाच्या घशाखाली उतरत नाही, अशी आयांची तक्रार असते. तिच्यावर मोड आणलेल्या धान्याचा उपाय आहे. नाचणी किंवा गहू रात्रभर भिजवून फडक्यात बांधावा, मोड आल्यावर उन्हात वाळवून व मोड चोळून काढून दळावा. मोड येताना दाण्यात एक पाचक द्रव्य तयार होते व ते पिष्टाचे विघटन करते. दाट पेज शिजवून थोडी निवली की त्यात हे पीठ चमचाभर घालून ढवळावे. थोड्याच वेळात ती सैल होते. मग तिला पुन्हा एक उकळी द्यावी. पेज पातळ होते, पण तिच्यातील पीठ कमी होत नाही. बडोद्याच्या विद्यापीठात 1980 नंतरच्या दशकात या पद्धतीचा पुष्कळ अभ्यास झाला. ज्वारी मात्र यासाठी वापरू नये. कोवळी ज्वारी खाऊन जनावरांना ज्या विषाची बाधा होते, तेच विष ज्वारीच्या मोडांतही असते.

आईचा वेळ

कितीही चांगले पीठ तयार असले, तरी ते दिवसातून चार वेळा भरवावयास कोणी तरी हवे. निंदणी-खुरपणीच्या दिवसांत आई सकाळी शेतावर जाते ती तिन्हीसांजेस परतते, आणि मूल सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या स्वाधीन असते. त्याचे वजन नेमके याच महिन्यांत घटण्याचा धोका अधिक असतो. त्यात पावसाळ्यातील जुलाबांची भर पडते. म्हणून घरातील कामाची वाटणी पेरणीपूर्वीच ठरवावी. सासू किंवा सासरे घरी असतील, तर दुपारच्या दोन वेळा भरवण्याची जबाबदारी त्यांनी स्वीकारावी. मूल शेतावर न्यावयाचे असल्यास झाडाखाली झोळी, झाकलेला डबा व उकळलेले पाणी सोबत असावे. वडिलांनी मुलाला भरवणे यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोडणीसाठी जाणाऱ्या कुटुंबांनी मुलाचे लसीकरणाचे कार्ड बरोबर न्यावे व जेथे मुक्काम पडेल तेथील अंगणवाडीत नाव नोंदवावे.

आजारात उपास नको

जुलाब झाले की मुलाचे खाणे बंद करण्याची चाल घातक आहे. क्षारसंजीवनीची पुडी तिच्यावर सांगितल्याप्रमाणे मोजून घेतलेल्या स्वच्छ पाण्यात विरघळवून थोडी थोडी पाजावी, आशा कार्यकर्तीकडून जस्ताच्या गोळ्या घेऊन त्या 14 दिवस पूर्ण द्याव्यात, आणि अंगावरचे दूध व अन्न चालूच ठेवावे. मूल बरे झाल्यावर काही दिवस एक वेळ अधिक भरवावे. मूल पेंगुळलेले असेल, काहीच पीत नसेल, श्वास जलद चालत असेल किंवा शौचातून रक्त पडत असेल, तर क्षणाचाही विलंब न लावता दवाखाना गाठावा.

खेळ आणि बोलणे

अन्नाइतकेच मुलाशी बोलणे-खेळणे महत्त्वाचे आहे. जमेका देशातील किंग्स्टन शहरात वाढ खुंटलेल्या मुलांवर झालेला एक अभ्यास 1991 मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे आरोग्यसेविका दर आठवड्याला घरी जाऊन, साध्या घरगुती खेळण्यांनी मुलाशी कसे खेळावे, हे आईला दाखवीत. दोन वर्षांत त्या मुलांची बौद्धिक प्रगती स्पष्ट दिसून आली. ज्यांना खेळ आणि पूरक आहार दोन्ही मिळाले, ती सर्वांत पुढे गेली. वीस वर्षांनंतरच्या पाहणीत खेळाचा लाभ मिळालेल्यांची कमाई तो न मिळालेल्यांपेक्षा सुमारे शेकडा 25 ने अधिक आढळली. यासाठी पैसा लागत नाही. भरवताना मुलाच्या डोळ्यांत पाहून बोलावे, वाटी-चमचा वाजवू द्यावा, चिमणी-कावळा दाखवावा. जबरदस्तीने तोंडात कोंबू नये. मूल तोंड फिरवील तर थोडे थांबावे.

ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांचे काम

प्रयत्न केल्यास फरक पडतो, हे महाराष्ट्राने अनुभवले आहे. तेव्हाच्या औरंगाबाद येथे 2005 साली राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू झाले. दोन वर्षांखालील मुलांतील खुरटेपणाचे प्रमाण 2005-06 मध्ये शेकडा 39 होते, ते 2012 च्या पाहणीत शेकडा 23 वर आले. हे यश कोणत्याही एका उपायाचे नव्हे; अंगणवाडी, आरोग्य खाते व कुटुंबे यांच्या प्रयत्नांना उत्पन्नवाढीची जोड मिळाली, म्हणून ते लाभले. परंतु प्रारंभी दिलेला आकडा पाहता काम अजून पुष्कळ उरले आहे.

पेरणीपूर्वी बियाण्याची व खतांची यादी होते, त्याच वेळी गावातील सहा महिने ते दोन वर्षे वयाच्या मुलांची यादी अंगणवाडी सेविकेच्या साहाय्याने करावी. दरमहा वजन घेऊन तक्त्यावर नोंदवावे. एका वेळच्या वजनापेक्षा रेषेची दिशा अधिक महत्त्वाची असते. रेषा आडवी झाली की त्या घरी जाऊन मूल काय, किती व किती वेळा खाते, याची विचारपूस करावी. दंडाचा घेर 11.5 सेंटिमीटरहून कमी भरल्यास ते तीव्र कुपोषण समजून मुलाला तत्काळ आरोग्यकेंद्रात पाठवावे. शेतीच्या सभांतून परसबागेसाठी शेवगा, पपई व भोपळ्याचे बी वाटताना ते कोणासाठी लावावयाचे, हेही सांगावे. आणि अशा सभेला घरातील पुरुष व वडीलधारी मंडळी हजर राहतील, याकडे विशेष लक्ष पुरवावे. मृगाचा पाऊस पडण्यापूर्वी नाचणी-डाळीचे पीठ डब्यात भरून ठेवले आणि दुपारी कोण भरवणार हे ठरले, तर खुरपणीचे दिवस मुलाला बाधणार नाहीत.