जुन्या फोटोंची चित्रवही

बहुतेक घरांत जुने फोटो असतात. काही भिंतीवर टांगलेले, काही ट्रंकेत कापडाखाली ठेवलेले. त्यांत पणजोबा असतात, आजी असते, लग्नाची मंडळी असतात. पण फोटोच्या पाठीवर नावे क्वचितच असतात. घरातले म्हातारे माणूस गेले, की ही कोण आणि तो कोण हे सांगणारे कुणी राहत नाही. फोटो तेवढा उरतो, माणूस हरवते.

यावर एक सोपा उपाय आहे. त्या फोटोंवरून आपल्या हाताने चित्रे काढावीत आणि समोरच्या पानावर माहिती लिहावी. अशी चित्रवही घरी बनवता येते. चित्रकला शिकलेली नसली तरी चालते. अक्षरओळख झालेल्या माणसाला हे काम जमण्यासारखे आहे.

आधी फोटो कसा वाचावा ते पाहू.

फ्रान्समध्ये १८३९ साली फोटो काढण्याची युक्ती जगापुढे आली. लवकरच ती आपल्याकडे पोचली. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफीची एक मंडळी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळचे जाणते फोटोग्राफर होते.

त्या वेळी फोटो उमटायला बराच वेळ लागे. माणूस हलला की चेहरा पुसट येई. म्हणून कधी कधी डोक्यामागे लोखंडी टेकू लावीत. आपले पूर्वज फोटोत ताठ आणि गंभीर दिसतात ते याचमुळे. ते रागीट होते असे समजू नका.

दुसरी गोष्ट रंगाची. फार जुन्या फोटोंच्या काचांना तांबडा रंग नीट टिपता येत नसे. म्हणून कपाळावरचे लाल कुंकू फोटोत काळे दिसते. तांबडी पगडीही काळी दिसते. उलट निळे आकाश पांढरे येते. तेव्हा फोटोत लुगडे काळे दिसले म्हणून ते काळेच रंगवू नका. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा.

आमच्या रात्रीच्या वर्गातल्या एका बाईंनी असेच केले. फोटोत त्यांच्या आजेसासूशेजारी आणखी एक बाई उभी होती. ती कोण, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हते. शेवटी गावाकडच्या म्हाताऱ्या चुलतसासूंना फोटो दाखवला. त्या लगेच म्हणाल्या, “अगं, ही तर माझी आत्या! लुगडं लाल होतं तिचं. माहेरचं.” बाईंनी लुगडे लाल रंगवले आणि समोरच्या पानावर आत्याबाईंचे नाव स्वतः लिहिले. पुढच्याच पावसाळ्यात चुलतसासू वारल्या. ते नाव आता फक्त त्या वहीत आहे.

आता वही करू या.

कागद जाड घ्या. हातकागद मिळाला तर उत्तम. पुण्याची हातकागद संस्था १९४० साली सुरू झाली. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याला तर कागदाच्या धंद्यावरूनच नाव पडले आहे. हातकागद न मिळाल्यास चित्रकलेचा जाड कागद चालेल.

२२ इंच रुंद आणि ३० इंच लांब असा एक ताव घ्या. त्याचे चार सारखे तुकडे करा. प्रत्येक तुकडा ११ इंच बाय १५ इंच होईल. १५ इंचांची बाजू मधोमध दुमडा. चारही तुकडे एकात एक घाला. झाली १६ पानांची वही. पानांच्या कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक आकडे घाला. मग तुकडे सुटे करा आणि सपाट ठेवून चित्रे काढा. आकडे आहेत, म्हणून पाने चुकणार नाहीत.

३, ५, ७, ९, ११, १३ आणि १५ या उजव्या पानांवर चित्रे काढा. अशी सात चित्रे होतील. प्रत्येक चित्राच्या डाव्या पानावर माहिती लिहा. पहिल्या पानावर घराण्याचे आणि गावाचे नाव लिहा. शेवटचे पान कोरे ठेवा. पुढे कुणाला काही आठवेल, त्यासाठी.

मूळ फोटोवर रेघ मारू नका. त्याला कडेने धरा, बोटांचा घाम लागू देऊ नका. त्याची झेरॉक्स काढून आणा. समजा, झेरॉक्स ३ इंच बाय ४ इंच आहे. तिच्यावर अर्ध्या अर्ध्या इंचाच्या चौकटी आखा. आडव्या ओळीत ६ आणि उभ्या ओळीत ८ येतील. वहीच्या पानावर तेवढ्याच चौकटी एकेक इंचाच्या आखा, पण हलक्या हाताने. आता एका चौकटीत जे दिसते तेच समोरच्या चौकटीत काढा. पूर्ण चेहऱ्याची भीती वाटते, पण एका चौकटीतली रेघ कुणालाही काढता येते.

मग चौकटी खोडा आणि पाण्याचे रंग भरा. पाणी कमी घ्या, नाही तर कागद फुगतो. आधी फिका रंग द्या. तो वाळला की गडद द्या. पांढऱ्या जागी कागद तसाच सोडा.

चित्रे वाळली की पाने पुन्हा एकात एक घाला आणि बाहेरून जाड कागदाचे वेष्टण ठेवा. घडीवर दाभणाने तीन भोके पाडा. एक बरोबर मध्ये, बाकीची दोन वरच्या आणि खालच्या टोकापासून दीड इंचावर. पाऊण वार जाड दोऱ्याला मेण चोळा. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर काढा. वरच्या भोकातून आत घ्या. आतल्या आत थेट खालच्या भोकाकडे नेऊन बाहेर काढा. शेवटी मधल्या भोकातून आत आणा. दोऱ्याची दोन टोके आतल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना ठेवून गाठ मारा.

वही ओल, ऊन आणि कसर यांपासून जपा. मूळ फोटोही फेकू नका. कोरड्या कागदात गुंडाळून ठेवा.

कागद आणि रंग कधीही बाजारात मिळतील. नावे सांगणारी माणसे मात्र कायमची नसतात. म्हणून कागद आणण्याआधी फोटो घेऊन घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाजवळ बसा. विचारा, ऐका आणि लागलीच लिहून ठेवा.