हातानें भरलेलें काडतूस

अमेरिकेंत मोठ्या कॅलिबरच्या रिव्हॉल्व्हरनें नेमबाजी करणारे कित्येक हौशी लोक आपलीं काडतुसें दुकानांतून न आणतां घरींच भरतात. या छंदाचें मर्म बाराच्या धडाक्यांत असावें, असें दुरून पाहणारास वाटतें. वस्तुतः तें मोजमापांत आहे.

काडतुसाचीं अंगें चार: पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशीं बसणारी टोपी, आंतील दारू आणि तोंडाशीं बसणारी गोळी. बार उडाला म्हणजे टोपी, दारू व गोळी खर्ची पडतात. पुंगळी मात्र शाबूत राहते. हौशी मनुष्य ती उचलून घरीं आणतो, स्वच्छ करतो, तिचें फुगलेलें अंग साच्यांत दाबून पूर्ववत् करतो व नवी टोपी बसवितो. मग सोनाराच्या कांट्यासारख्या नाजूक तराजूवर दारू तोलली जाते. तिचें माप ग्रेन. एका तोळ्यांत असे १८० ग्रेन मावतात. यावरून हयगयीला किती थोडी जागा आहे हें ध्यानांत यावें. जलद पेटणाऱ्या दारूचें सौम्य माप मोठ्या पुंगळीचा तळच झांकतें. चुकून दुसरें माप पडलें तरी तेंहि आंत सहज सामावतें. म्हणून गोळी बसविण्यापूर्वीं प्रत्येक पुंगळींत उजेडांत डोकावून पाहण्याचा शिरस्ता आहे. शेवटीं पुंगळीचा कांठ गोळीवर घट्ट वळवावा लागतो; नाहीं तर इतर बारांच्या धक्क्यांनीं गोळी पुढें सरकून रिव्हॉल्व्हरचें चक्र फिरेनासें होतें.

मर्यादा ओलांडली म्हणजे काय होतें, याचें एक उदाहरण प्रसिद्ध आहे. शस्त्रविषयक लेखनानें पुढें नांवाजलेले एल्मर कीथ (१८९९–१९८४) यांनीं ४ जुलै १९२५ रोजीं, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनीं, आपल्या ४५ कॅलिबरच्या कोल्ट रिव्हॉल्व्हरचे बार काढले. रायफलच्या जड गोळ्या व काळी दारू घालून तीं काडतुसें त्यांनीं स्वतः भरलीं होतीं. एका बारासरशीं चक्राचा वरचा भाग फुटून उडाला. दैव बलवत्तर म्हणून ते बचावले.

कीथ यांनीं छंद सोडला नाहीं, हत्यार बदललें. १९०७ सालीं निघालेलें ‘४४ स्पेशल’ काडतूस किंचित् अरुंद असल्यामुळें तेवढ्याच चक्रांत भोंकांभोंवतीं पोलाद अधिक जाड राहतें. त्यावर वर्षानुवर्षें प्रयोग करून, असें जोमदार काडतूस कारखान्यांनींच काढावें, असा आग्रह ते धरीत राहिले. अखेर १९५५ सालीं रेमिंग्टन व स्मिथ अँड वेसन या कंपन्यांनीं ‘४४ मॅग्नम’ पुढें आणलें. त्याची नेहमींची गोळी २४० ग्रेनांची, म्हणजे सव्वा तोळ्याहून थोडी अधिक. पुंगळी मात्र मुद्दाम एक अष्टमांश इंच लांब केली. हेतु हा कीं, हें प्रखर काडतूस जुन्या ‘४४ स्पेशल’ रिव्हॉल्व्हरांत शिरूंच नये. मनुष्य केव्हां तरी चुकणार, हें गृहीत धरून केलेली ही योजना होय.

उलट ‘स्पेशल’चें सौम्य काडतूस मॅग्नमच्या चक्रांत बिनधोक चालतें, आणि कागदी लक्ष्यावर नेम धरतांना पुष्कळ अनुभवी नेमबाज सौम्य भरणीच पसंत करतात. जबर धक्क्याची धास्ती बसली म्हणजे चाप ओढतां ओढतांच मनगट दचकतें व गोळी लक्ष्याच्या खालीं जाते. हा दोष पकडण्याची एक जुनी युक्ति आहे. चक्र मित्रानें भरावें, आणि काडतुसांत एकदोन उडालेल्या पुंगळ्या मिसळाव्या. घोडा अशा पुंगळीवर पडला कीं बार होत नाहीं, धक्का बसत नाहीं, तरीहि नळी खालीं झुकलेली स्पष्ट दिसते. नेमबाजाचा हातच त्याची चहाडी करतो.

दारू भरणारानें प्रसिद्ध कोष्टकांतील कमाल मापाच्या बरेंच खालून आरंभ करावा, असा जाणत्यांचा दंडक आहे. चिमूटभर दारू अधिक घालणें कोणासहि साधतें; योग्य मापापाशीं हात थांबविण्यास मात्र सराव आणि संयम लागतो. शांत संध्याकाळीं एकसारखीं पन्नास काडतुसें भरावीं, आणि दुसऱ्या दिवशीं लक्ष्यावर छिद्रांचा एकच लहानसा पुंजका उमटलेला पाहावा, यांतच या छंदाचें खरें सुख आहे.