साठी आणि बुद्धी

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण मराठी माणसाच्या तोंडी चांगलीच रुळली आहे. घरातील वृद्ध एखादे नाव विसरला किंवा विचारले एक आणि उत्तर दिले दुसरेच, असे झाले की ती सहज उच्चारली जाते आणि विषय तेथेच संपतो. वस्तुतः स्मृतिभ्रंश हा मेंदूचा विकार आहे. वार्धक्याचा तो अटळ भाग नव्हे. भारतातील साठ वर्षांवरील व्यक्तींच्या पाहणीवरून २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार हे प्रमाण शेकडा ७.४, म्हणजे सुमारे ८८ लाख इतके आहे. साठी उलटलेल्या शंभरांपैकी ब्याण्णवांहून अधिक जणांना हा विकार नसतो. म्हण येथेच खोटी ठरते. मात्र जे ८८ लाख राहतात, त्यांच्या कुटुंबांवरील भार अंकांत मांडता येण्याजोगा नाही.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञांच्या आयोगाने २०२४ मध्ये १४ कारणांची नोंद केली. ही सर्व कारणे दूर करता आली, तर जगातील स्मृतिभ्रंशाचे सुमारे ४५ टक्के रुग्ण टळू शकतील किंवा त्यांचा विकार लांबणीवर पडू शकेल, असे आयोगाचे अनुमान आहे. रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, रक्तातील अपायकारक चरबी, बैठे जीवन ही त्यांतील परिचित नावे. बहुतेकांना अनपेक्षित वाटेल असे नाव आहे ते बहिरेपणाचे, आणि त्याचा वाटा या यादीत सर्वांत मोठ्या वाट्यांपैकी आहे.

वयपरत्वे येणारा बहिरेपणा एका दिवसात येत नाही. प्रथम उंच पट्टीतील सूक्ष्म ध्वनी जातात. आवाज कानावर पडतो, पण शब्द लागत नाही. म्हणूनच ‘ऐकू येते, पण कळत नाही’ अशी तक्रार वृद्ध करतात आणि घरचे लोक ती बुद्धीची तक्रार समजतात. दोनदा विचारल्यावर तिसऱ्यांदा विचारण्याचा संकोच वाटतो. पाराजवळच्या गप्पांत हसू उमटले की कारण न कळताच हसावे लागते. पुढे माणूस तेथे जाणेच सोडतो. अस्पष्ट शब्दांचा अर्थ लावण्यातच मेंदूची शक्ती खर्च होते, स्मरणासाठी ती उरत नाही. त्यात एकटेपणाची भर पडते.

श्रवणयंत्राचा उपयोग कितपत होतो, याचा शोध अमेरिकेत ७० ते ८४ वर्षे वयाच्या ९७७ व्यक्तींवर तीन वर्षे घेण्यात आला. त्याचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. सर्वांचा एकत्रित विचार करता फरक दिसला नाही. परंतु ज्यांना मुळातच धोका अधिक होता, त्या गटात बौद्धिक क्षमतेची घसरण जवळजवळ निम्म्याने मंदावली. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये मंजूर केलेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षे पूर्ण केलेल्या पात्र व्यक्तींना सहायक उपकरणांसाठी एकदा ३ हजार रुपये देण्याची तरतूद होती आणि त्या उपकरणांत श्रवणयंत्राचा समावेश होता. तथापि यंत्र मिळाले म्हणजे काम झाले असे नाही. पहिल्या काही आठवड्यांत भांड्यांचा आवाजही असह्य वाटतो आणि यंत्र कपाटात जाते. ते पुन्हा जुळवून घेण्यासाठी वृद्धासोबत कोणी तरी जाणे आवश्यक असते.

रक्तदाबाची गोष्ट वेगळी. मेंदूतील केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या त्याच्या माऱ्याने वर्षानुवर्षे नकळत खराब होत राहतात. वरचा रक्तदाब १४० ऐवजी १२० च्या खाली ठेवल्यास स्मृतिभ्रंशाच्या आधीची सौम्य अवस्था सुमारे एक-पंचमांशाने कमी होते, असे ९ हजारांहून अधिक व्यक्तींवर झालेल्या अमेरिकन अभ्यासात २०१९ मध्ये आढळले. प्रत्येकासाठी योग्य मर्यादा डॉक्टरांनीच ठरवावयाची असते. चाळिशीतला रक्तदाब सत्तरीतल्या मेंदूचे भवितव्य ठरवितो, हे मात्र ध्यानी घ्यावयास हवे. ‘आता बरे वाटते’ म्हणून गोळी बंद करणारे आणि जेवताना लोणचे, पापड व वरून मीठ असे तिन्ही घेणारे बहुधा त्याच वयाचे असतात.

शरीरश्रमाबाबत ग्रामीण महाराष्ट्रात एक विचित्र प्रकार घडतो. हयातभर शेतात राबलेल्या माणसाला मुले मायेने ‘आता आराम करा’ म्हणून बाजेवर बसवितात. चालणे थांबते, त्याबरोबर गावाशी असलेला संबंधही थांबतो.

बालपणीचे अपुरे शिक्षण हेही त्या १४ कारणांपैकी एक. शिकलेल्या मेंदूजवळ जणू शिल्लक असते. झीज सुरू झाली तरी व्यवहार बराच काळ चालतो. ज्यांची ही संधी लहानपणी हुकली, त्यांचे काय? ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यात फांगणे येथे ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकारातून उभ्या राहिलेल्या या शाळेत साठी ओलांडलेल्या स्त्रिया गुलाबी लुगडे नेसून, पाटी घेऊन येऊ लागल्या. स्मृतिभ्रंश टाळणे हा तिचा हेतू नव्हता. पण घराबाहेर पडणे, नवे शिकणे आणि चार समवयस्कांत बसणे, या मेंदूला हितकर अशा तीन गोष्टी तेथे एकाच वेळी घडल्या. हैदराबाद येथे ६४८ रुग्णांच्या पाहणीत, दोन भाषा बोलणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाची लक्षणे साडेचार वर्षे उशिरा दिसल्याचे २०१३ मध्ये नोंदले गेले; निरक्षरांतही हा फरक होता. सोलापूरकडे मराठी, कन्नड व तेलुगू सहज बोलणाऱ्या एखाद्या अंगठाबहाद्दर आजीलाही अशी शिल्लक लाभलेली असू शकेल.

स्मरणशक्ती वाढविणाऱ्या म्हणून विकल्या जाणाऱ्या चूर्णांवर पैसे घालण्यापूर्वी एक तपासणी अवश्य करावी. प्रत्येक विसराळूपणा स्मृतिभ्रंश नसतो. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईड ग्रंथीचा मंदपणा, खिन्नता आणि झोपेच्या गोळ्यांचा परिणाम यांनीही बुद्धी मंदावल्यासारखी वाटते, आणि यांवर उपचार होऊ शकतात. बाजारात पिशवी विसरून येणे निराळे, आणि बाजारातून नेहमीच्या वाटेने घरी परतता न येणे निराळे. दुसरा प्रकार घडला, किंवा नेहमीचा हिशेब, स्वयंपाक, औषधे यांत वारंवार चुका होऊ लागल्या, तर वृद्धास प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. सोबत सध्या चालू असलेली सर्व औषधे न्यावीत आणि बदल केव्हापासून जाणवला, हे सांगू शकेल असे घरातील माणूस बरोबर असावे.