लाकडाचा अठरा मजली मनोरा

लाकडाविषयी तीन गोष्टी आपल्या घराघरांत ठाऊक असतात : ते जळते, ते कुजते आणि त्यास वाळवी लागते. म्हणूनच जुनी लाकडी माडी उतरवून त्या जागी सिमेंटचे घर उभे राहिले, की घरधन्यास हायसे वाटते. अशा वेळी कोणी सांगितले की, नॉर्वे देशात लाकडी खांबांवर अठरा मजल्यांची इमारत उभी आहे, तर ऐकणारा प्रथम हसेल. परंतु वाचकहो, ही गोष्ट खरी आहे.

म्योसा ह्या विस्तीर्ण सरोवराच्या काठी ब्रुमुनडाल नावाचे एक लहान शहर आहे. तेथे २०१९ साली ८५.४ मीटर उंचीचा हा मनोरा पुरा झाला. त्यात राहती घरे आहेत, कचेऱ्या आहेत आणि एक हॉटेलही आहे. लाकडी इमारतींत तो त्या वेळी जगात सर्वांत उंच ठरला. पुढे २०२२ साली अमेरिकेतील मिल्वॉकी शहरी ८६.६ मीटरची इमारत झाली व तो मान तिकडे गेला. मात्र तिचे खालचे मजले काँक्रीटचे आहेत.

नॉर्वेच्या लोकांना लाकूड नवे नाही. ऊर्नेस येथील त्यांचे लाकडी ख्रिस्तमंदिर बाराव्या शतकापासून उभे आहे. त्याही पूर्वीच्या मंदिरांचे खांब जमिनीत पुरलेले असत. ते कुजून गेले. पुढील कारागिरांनी खांब दगडी पायावरील आडव्या तुळयांवर उभे केले, आणि ती मंदिरे शतकानुशतके टिकली. लाकडास ओलीपासून दूर ठेवावे, हा धडा तेव्हापासूनचा आहे.

आजच्या मनोऱ्याचे खांब मात्र एका झाडाचे नव्हेत. एवढा मोठा व निर्दोष सोट कोणते झाड देणार? तेव्हा पातळ फळ्या वाळवितात, त्यांतील सदोष गाठी कापून काढतात, टोकास टोक जोडतात आणि सरस लावून थरावर थर दाबून बसवितात. ही विद्या जर्मनीतील ओटो हेट्झर ह्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी रूढ केली. भिंतींसाठी थर एकमेकांस आडवे रचतात, म्हणजे फळी फुगत वा वाकत नाही. एकटी फळी दुबळी. परंतु एकीचा दोष दुसरी सांभाळून घेते.

आता आगीचा प्रश्न. काटकी भडकन पेटते, पण जाड ओंडका रात्रभर चुलीत धुमसतो, हे आपल्या गृहिणींना सांगावयास नको. जाड तुळईचा पृष्ठभाग जळून कोळसा होतो आणि तोच कोळसा आतील लाकडाचे रक्षण करतो. तासाभरात सुमारे चार सेंटिमीटरच लाकूड जळते. तेवढे लाकूड हिशेबाने जादा ठेवूनच खांब घडविलेले आहेत. जोडणीचे पोलादी पत्रेही लाकडाच्या पोटात लपविले आहेत, कारण उघडे पोलाद आगीत लवकर नरम पडते.

दुसरी अडचण वाऱ्याची. लाकूड हलके असल्याने उंच इमारत वाऱ्याने डोलू लागते. म्हणून वरच्या सात मजल्यांच्या जमिनी मुद्दाम काँक्रीटच्या केल्या आहेत. लाकडाचा अभिमान बाळगणाऱ्यांनीही जेथे जडपणा हवा तेथे काँक्रीटचे साहाय्य घेतले, ही त्यांची शहाणीव होय.

हा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. सिमेंटसाठी चुनखडी भाजावी लागते. तीतून व भट्टीच्या जळणातून निघणारा कर्बवायू जगातील एकूण कर्बवायूच्या सात-आठ टक्के भरतो. झाड मात्र तोच वायू शोषून वाढते. कोरड्या लाकडाचे जवळजवळ अर्धे वजन कर्बाचेच असते. इमारत उभी आहे तोवर तो कर्ब तिच्यात साठून राहतो. परंतु तोडलेल्या झाडाच्या जागी नवे झाड लावले व वाढविले तरच हा हिशेब जुळतो. एरवी ती केवळ जंगलतोड होय.

ह्या विद्येस ठेचही लागली आहे. त्याच भागातील ट्रेटेन येथे २०१२ साली अशाच जोडलाकडाचा पूल झाला. १५ ऑगस्ट २०२२ रोजी सकाळी तो कोसळला. त्या वेळी पुलावर एक मोटार व एक मालमोटार होती. सुदैवाने दोन्ही चालक वाचले. दहा वर्षेच वापरलेला पूल! चौकशीत दोष सांध्यात सापडला : पोलादी खुंट्यांभोवतीचे लाकूडच फाटून निघाले होते. त्यानंतर तशाच धर्तीचे इतर पूल तपासणीसाठी काही काळ बंद ठेवण्यात आले.

गावचा जुना सुतारही फळीपेक्षा सांध्याकडे अधिक वेळ पाहत बसे. अठरा मजल्यांचा मनोरा बांधणाऱ्यासही त्याहून निराळे काही करता येत नाही. उंची लाकूड देते; भरवसा सांधा देतो, आणि तो सांधा पुनःपुन्हा तपासून पाहणारा माणूस देतो.